आधी डोळे

मंगळवार, ९ जानेवारी

चि. खार,

आज सकाळी मधल्या कपाटाची धूळ पुसली. दुपारी चष्म्याच्या दुकानात जाऊन तुटलेली काडी बसवून आणली. संध्याकाळी तुझ्या खोलीच्या खिडकीला आतून एक पिशवी चिकटवली. दिवसभरात एवढंच झालं.

पिशवीचं सांगायला हवं. नाहीतर आत्या कधी आली तर तुला कळवेल, की तुझ्या बापाने खिडकीला कचरा लावून ठेवलाय. त्यात डेकलचा एक जुना कागद आहे. रणगाड्यावर चिकटवायचे आकडे. कागद जुना झाला की आकड्यांभोवतीची पारदर्शक पापुद्र्यासारखी झिल्ली पिवळी पडते आणि मग आकडा चिकटवला तरी भोवती चहाचा डाग पडल्यासारखं दिसतं. काही आठवडे उन्हात ठेवला की पिवळेपणा उडतो. तुला हे माहीत असेल, लहानपणी पाहिलंयस. पण आठवण असेलच असं नाही म्हणून लिहिलं. घरात सगळ्यात जास्त ऊन तुझ्या खोलीत येतं. बाकी कशालाही हात लावलेला नाही.

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. पत्ता आत्याकडून घेतला. ती म्हणाली, “पत्र? अरे, हल्ली पत्रं फक्त वकील पाठवतात. पोरगी घाबरेल.” घाबरू नकोस. आई गेल्याच्या दिवशी तू जे बोललीस त्याबद्दलही मी यात काही लिहिणार नाही.

टेबलावर एकच काम अर्धं आहे. त्याबद्दल मात्र लिहितो, कारण ते तुझ्या आईचंही आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक वृद्ध गृहस्थ घरी आले. तरुणपणी सैन्यात रणगाडा चालवायचे. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथे एक माणूस घरात रणगाडे बनवतो. आईने दार उघडलं तर त्यांनी विचारलं, “कारखाना हाच का?” तेव्हापासून ते मला कारखानदार म्हणतात. आई त्यांना रणगाडेवाले आजोबा म्हणायची.

त्यांच्याकडे एक फोटो आहे. रणगाड्यावर तीन पोरं बसलेली आहेत. एक मोजा शिवतोय, एक डब्यातून पाणी ओततोय आणि तिसरा कशाला तरी हसतोय. रणगाड्याच्या कपाळावर त्यांनी स्वतःच रंगाने लिहिलेलं नाव दिसतं: म्हातारी. आजोबांना हा फोटो जसाच्या तसा बनवून हवा होता. प्लास्टिकच्या मॉडेलचं किट माझ्याकडे होतं, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं. संदर्भाची पुस्तकं होती. मी लगेच हो म्हणालो आणि त्यांना चाकांबद्दल विचारायला लागलो. आईने मात्र फोटो हातात घेऊन विचारलं, “यात तुम्ही कुठले?”

“मी नाही यात,” ते म्हणाले. “फोटो मी काढला.”

ते तिघंही आता नाहीत. कोणी तिथेच लढाईत गेले, कोणी नंतर. आजोबांना त्यांच्यात बसायचं आहे. चालकाच्या झाकणातून डोकं वर काढलेलं, बस. आई म्हणाली, “बसवू की.” किटमधलं चौथं माणूस त्यांच्यासाठी ठेवलं. तीन चेहरे आईने रंगवले. फोटोवरून केले, सोपे होते असं ती म्हणाली. चौथ्याचा फोटोच नव्हता. आजोबांच्या आताच्या चेहऱ्यातून तेव्हाचा चेहरा शोधायचा होता, म्हणून तो तिने शेवटी ठेवला.

तो तसाच आहे.

तुझी तब्येत सांभाळ. इथे थंडी आहे.

बाबा

मंगळवार, २३ जानेवारी

चि. खार,

आज रणगाडेवाले आजोबा आले होते. त्यांच्या सुनेने गाडीतून सोडलं आणि ती दुकानात गेली. मी चहा केला. साखर जास्त झाली. त्यांनी तक्रार केली नाही, पण दुसरा कप नको म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांचं काही बरं नाही. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग वाढत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणाले, “समोर कोणी बसला की कान दिसतात, नाक दिसत नाही. कान छान आहेत तुमचे, कारखानदार.” डॉक्टरांनी सांगितलंय, आहे ते उन्हाळ्यापर्यंत टिकलं तरी पुष्कळ.

मग विचारलं, “माझं तोंड कधी होणार?”

मी म्हणालो, “होईल.”

“बाई असत्या तर एव्हाना झालं असतं.”

“हो.”

“मला ते तिघं दिसतायत तोवर करा. मला त्यांच्याबरोबर बघायचंय स्वतःला. नंतर सुनेने कितीही वर्णन करून सांगितलं तरी काय उपयोग? ती मारुतीच्या तोंडाचं वर्णन करून हे तुम्हीच म्हणेल आणि मी मान हलवीन.”

तुला आठवत असेल, आई म्हणायची, “लोखंड तुमचं, माणसं माझी.” आमची वाटणी लग्नापासूनची. मी कुठल्या महिन्यात कुठल्या कारखान्यातून निघालेल्या गाडीला किती बोल्ट होते ते सांगू शकतो. माणसाचं डोकं मात्र हरभऱ्याच्या दाण्याएवढं आणि त्यावरचा डोळा खसखशीहून बारीक. ते मी कधीच केलेलं नाही. आता हातही थरथरतो. नोकरीत होतो तेव्हा पाण्याच्या नळांचे नकाशे एका दमात काढायचो, पट्टीशिवाय रेघ सरळ यायची. आता सही करताना दुसरा हात धरावा लागतो.

तरी आज त्यांच्याकडे बघत बसलो. आई काय बघत असेल ते बघायचा प्रयत्न केला. कपाळ रुंद आहे. नाक मोडून बसलेलं. डाव्या डोळ्याची पापणी उजव्यापेक्षा जरा खाली आहे. म्हातारपणामुळे का, विचारलं. म्हणाले, “छे, जन्मापासूनची. आमचा रिसालदार ओरडायचा, झोपून गाडी चालवतोस का रे? मी म्हणायचो, अर्धाच झोपलोय साहेब.”

रणगाड्याचा रंग नक्की कुठला होता तेही विचारून घेतलं. तीन पुस्तकांत तीन छटा दिल्यात.

“हिरवा,” ते म्हणाले.

“कुठला हिरवा?”

“चिखलाखालचा.”

रोज रात्रीच्या आत आत्याचा फोन येतोच, तसा आला. तू तिच्याशी बोलतेस हे बरं आहे. तिने विचारलं, “पोरगी म्हणते, आईला पोचवून आलात आणि तू सरळ आत जाऊन दार लावून रंगांशी खेळत बसलास. बाहेर माणसं बसलेली, पोरगी एकटी सगळ्यांना पाणी देतेय आणि हा आत. खरं का हे?”

मी म्हणालो, “दार लावलं होतं.”

ती म्हणाली, “एवढंच?”

मी म्हणालो, “एवढंच.”

मग तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

खिडकीतला कागद अजून पिवळाच आहे. रोज सकाळी जाऊन बघतो. बघायला काही नसतं, पण जातो.

बाबा

रविवार, ११ फेब्रुवारी

चि. खार,

या पत्राबरोबर एक काड्यापेटी आहे. त्यात कापसात गुंडाळलेलं आजोबांचं डोकं आहे. दात कोरायच्या काडीवर बसवलंय. उघडताना टेबलावर पांढरं फडकं पसर, पडलं तर सापडत नाही.

मी प्रयत्न केला. खोटं लिहीत नाही, चारपाच वेळा केला. दरवेळी डोळे एकतर घुबडासारखे झाले, नाहीतर एक कपाळावर आणि एक गालावर. दरवेळी थिनरने पुसून काढलं. आणखी पुसलं तर नाकाची धार जाईल. आता त्यावर फक्त खालच्या थराचा राखाडी प्रायमर आहे.

तू दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतेस. एका दाताच्या किती छटा असतात ते तू आईला सांगितलं होतंस आणि तिने मला. तुझा हात आईसारखा आहे. मी सांगतोय म्हणून नाही, ती म्हणायची. तुला वाटलं तर कर. नाही वाटलं तर तशीच परत पाठव, किंवा ठेव. आजोबा थांबलेत, म्हणून लिहिलं. नाहीतर त्रास दिला नसता.

आई कसं करायची ते मला ऐकून माहीत आहे. आधी डोळे. मग बाकीचं. बाकी लोक आधी कातडीचा रंग देतात. ती म्हणायची, डोळा चुकला तर भोवतीच्या रंगाने झाकता येतो, पण सगळा चेहरा झाला आणि मग डोळा चुकला तर सगळंच गेलं. आणि पांढरा रंग अजिबात नाही. “एवढ्या लांबून कोणाच्या डोळ्यांतलं पांढरं दिसतं हो? सावलीच दिसते.” तुला ती शिकवत होती तेव्हा मी त्याच खोलीत होतो, चाकं घासत. ऐकत होतो.

आणखी एक सांगतो. परवा भिंग घेऊन कपाटं बघितली. आपल्या घरातली सगळी कपाटं मी हजार वेळा बघितली असतील, पण मी गाड्याच बघायचो. परवा माणसं बघितली. पुलाच्या देखाव्यात नदीकाठी जो शिपाई बूट झाडतोय, तो आपले जुने दाताचे डॉक्टर आहेत. तेच ओठ मुडपणं. तोफेजवळ कानावर हात धरून उभा आहे तो वरच्या मजल्यावरचा, सकाळी सकाळी ड्रिल मशीन चालवायचा तो. आईने त्यालाच कान झाकायला लावलेत. आत्या स्वयंपाकाच्या तंबूत आहे, हातात पळी घेऊन कोणावर तरी ओरडतेय. तिला सांगू नकोस.

मी कुठेच सापडलो नाही. बराच वेळ शोधलं. जरा वाईट वाटलं. मग लक्षात आलं की प्रत्येक देखाव्यात एक मेकॅनिक आहे, इंजिनात डोकं खुपसून उभा. चेहरा दिसतच नाही, फक्त पाठ आणि डोक्याचा मागचा भाग. जुन्या देखाव्यांत त्याला पुष्कळ केस आहेत. पुढे पुढे टक्कल वाढत जातं. शेवटच्या दोन देखाव्यांत तर तिने टकलावर उजेडाचा ठिपकाही दिलाय.

तू एका ठिकाणी आहेस. रस्त्याच्या कडेला ताफा बघत उभी असलेली मुलगी. फ्रॉकचे दोन्ही खिसे फुगलेले. माझी सुटी चाकं तू खिशात लपवायचीस म्हणून आईने तुला खार म्हणायला सुरुवात केली. आजही एका ट्रकला सुटं चाक नाही.

बाबा

रविवार, ३ मार्च

चि. खार,

काल एक चूक केली. नवशिक्याही करत नाही अशी.

खिडकीतला कागद आठवडाभरापूर्वी स्वच्छ झाला होता. पिशवी तरी काढली नाही, सकाळी तुझ्या खोलीत जायची सवय झाली होती. काल काढली. आकडे कापून घेतले, वाटीत पाणी घेतलं आणि सरळ बुडवले. जुना कागद सरळ बुडवायचा नसतो. आधी त्याच कागदावरचा नको असलेला एखादा तुकडा बुडवून बघायचा. तो पाण्यात फुटला, तर कामाच्या आकड्यांवर आधी वार्निशचा हात द्यायचा. हे मी स्वतः किती जणांना शिकवलंय.

आकडे पाण्यात फुटले. अंड्याच्या टरफलासारखे तुकडे झाले.

मी वाटीकडे बघत बसलो तेव्हा कळलं कसं झालं ते. पाण्याची वाटी नेहमी आई आणायची. आणि टेबलावर ठेवता ठेवता विचारायची, “आधी फालतूचा बुडवलात का?” दरवेळी. मला राग यायचा. मी म्हणायचो, “मला शिकवू नकोस.” आणि मग फालतूचा बुडवायचो. मला वाटायचं ते मला माहीत आहे. काल वाटी मीच आणली आणि कोणी विचारलं नाही.

कालचा दिवस आणि आजची सकाळ तुकडे जोडण्यात गेली. ओल्या ब्रशने एकेक तुकडा उचलून रणगाड्यावरच जुळवला. साताच्या आकड्याचा पाय सापडत नव्हता. सगळं टेबल शोधलं. तो माझ्या मनगटाला चिकटला होता. आता बरं दिसतंय. जवळून बघितलं तर भेगा दिसतात.

काड्यापेटी मिळाली की नाही, कळलं नाही. मिळाली असेल. पोस्टाची पोचपावती माझ्याकडे आली आहे, त्यावर पोचल्याची नोंद आहे. मी विचारत नाहीये.

आजोबांचा फोन आला होता. आवाज नेहमीसारखाच. म्हणाले, “कारखानदार, आज सकाळी आरशात दोन्ही कान दिसले. मधे कोणी नव्हतं.” मी हसलो नाही, तर म्हणाले, “हसा हो, विनोद होता.”

आता जे लिहिणार नाही म्हणालो होतो ते लिहितो. फार नाही.

त्या दुपारी आई टेबलाशी बसली होती. चौथ्या माणसाची वर्दी रंगवून झाली होती आणि ती कॉलरवर सावली देत होती. मी पलीकडे रणगाड्याच्या चाकांवरचे पट्टे जोडत होतो. ती म्हणाली, “डोकं जड झालंय हो. जरा पडते.” ब्रश तिने थिनरच्या बरणीत ठेवला. उठली आणि दारातून म्हणाली, “ब्रश तेवढा धुऊन ठेवा.” मी हो म्हणालो. डोकं वर केलं नाही, पट्टा हातात होता. मग आतून आवाज आला. पुढचं तुला माहीत आहे. अँब्युलन्स, रात्र, पहाट.

तिचा बारीक ब्रश, तुला माहीत आहे, ती कोणाला हात लावू द्यायची नाही. बरणीत डोक्यावर उभा राहिला की त्याचं टोक वाकतं आणि मग सरळ होत नाही. तिला पोचवून आलो तेव्हा घरात माणसं होती. तू पाणी देत होतीस. कोणीतरी मला खुर्ची दिली आणि मी बसणार एवढ्यात आठवलं की ब्रश अजून बरणीतच आहे. कालपासून.

म्हणून आत गेलो. रंग मुळाशी वाळला होता. साबण लावून, तळहातावर फिरवून, परत साबण लावून, असं बराच वेळ करावं लागलं. दार लावलं कारण कोणी येऊन विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तू दार वाजवलंस तेव्हा हात साबणाचे होते.

टोक बरंचसं सरळ झालं. थोडं वाकलेलं राहिलं.

एवढंच होतं. तू जे बोललीस ते तुला जे दिसलं त्यावरून बरोबरच होतं.

बाबा

गुरुवार, २८ मार्च

चि. खार,

आज पोस्टमनने एक छोटा डबा दिला. पत्ता तुझ्या अक्षरात होता. मी दारातच उघडायला लागलो, मग आठवलं, पांढरं फडकं पसरायला तुलाच सांगितलं होतं. आत येऊन फडकं पसरलं आणि मग उघडलं.

आत पत्र नव्हतं. कापूस सगळा काढून बघितला, डबा उलटा करून बघितला. नव्हतं.

डोकं आता दात कोरायच्या काडीवर नाही. पितळेच्या बारीक खिळ्यावर आहे, खाली गुलाबी मेण. तुमच्या लॅबचं असणार. तू ते कामावर केलंस म्हणजे. जेवणाच्या सुटीत का, कवळ्या बाजूला सारून का, माहीत नाही.

चेहरा राखाडीच होता. गाल, कपाळ, ओठ, कशालाच रंग नाही. पहिल्यांदा वाटलं की तसंच परत पाठवलंस. मग भिंग घेतलं.

फक्त डोळे केलेत. पांढरा रंग नाही. दोन गडद रेघा, बस, आणि तरी तो बघतोय.

डावी पापणी उजव्यापेक्षा खाली आहे.

मी खुर्चीत बसलो. डोकं पाठवलं तेव्हाच्या पत्रात मी पापणीचं लिहिलं नव्हतं, विसरलो होतो. ते जानेवारीच्या पत्रात होतं.

बाकीचं माझ्यासाठी ठेवलंस. डोळे झाले की बाकीचं अवघड नाही, असं आई म्हणायची. तिला अवघड नव्हतं. उद्या आजोबांना बोलावतो, खिडकीशी बसवतो आणि बघून बघून करतो.

बाबा

रविवार, ७ एप्रिल

चि. खार,

काम झालं. आजोबा घेऊन गेले.

शुक्रवार ते मंगळवार रोज दुपारी ते येत होते. तुझ्या खोलीत बसवलं, कारण उजेड तिथे चांगला आहे. तुझी खुर्ची वापरली. मी असं कोणाच्याही चेहऱ्याकडे इतका वेळ बघितलेलं नाही. लाज वाटायची. मग त्यांनीच सांगितलं, “बघा खुशाल. मला तुमचे कानच दिसतायत, मला काय कळतंय.” उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून, कोपर टेबलाला टेकवून केलं. आईचाच ब्रश घेतला. जिथे रेघ हवी तिथून त्याचं टोक जरा डावीकडे जातं. पण ते कुठे जाणार हे एकदा कळलं की त्याप्रमाणे हात धरता येतो.

कातडीचा रंग कसा करायचा ते मला माहीत नव्हतं. आईच्या रंगांच्या झाकणांवर तिने नावं लिहिलीत. कंपनीची नावं नाहीत. “आत्या उन्हात.” “दूधवाला.” “हे, अंघोळीनंतर.” हे म्हणजे मी. आजोबांसाठी दूधवाला आणि थोडी आत्या घेतली.

आज सून त्यांना घेऊन आली. मी म्हातारी टेबलावर खिडकीसमोर ठेवली. तिघं वर बसलेले आणि चौथा झाकणातून डोकं काढून. आजोबा समोर बसले. सरळ बघितलं तर त्यांना दिसत नाही, म्हणून पक्ष्यासारखी मान तिरकी करून एका कडेने बघत होते. बराच वेळ. आधी त्या तिघांकडे. एकेकाचं नाव घेतलं, हळू, आपल्याशीच. सून माझ्याकडे बघायला लागली. मी चहा ठेवायला उठलो, तर त्यांनी हाताने बसायला सांगितलं.

“नंबर भेगाळलाय,” ते म्हणाले.

“माझी चूक झाली.”

“आमचा अर्धा घासूनच गेला होता. तुम्हाला कोणी सांगितलं?”

मग चौथ्याकडे आले. नाक जवळजवळ त्याला लागेल इतकं खाली वाकले. मान या बाजूने, मग त्या बाजूने.

“कान मोठे केलेत.”

“कान किटमध्ये तसेच येतात.”

“असू दे. तेव्हा मोठेच होते.” मग मान पुन्हा तिरकी केली. “हा अर्धा झोपलाय.”

“हो.”

“हा मी आहे.”

सुनेने विचारलं, “बाबा, दिसतंय ना नीट?”

“तुझ्यापेक्षा बरं दिसतंय,” ते म्हणाले. आणि मला म्हणाले, “डोळे तुम्ही नाही केले.”

“नाही. मुलीने.”

“तिने मला कुठे बघितलं?”

“बघितलं नाही. मी तिला लिहिलं होतं.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली, कडेने, कान दिसतील अशी. “म्हणजे वाचते,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “हो, वाचते.”

खोक्यात कापूस भरून म्हातारी सुनेच्या मांडीवर दिली. गाडी हळू चालवायला सांगितलं, मग लक्षात आलं की तीच चालवणार, तर खोकं आजोबांच्या मांडीवर गेलं. ते म्हणाले, “तरुणपणी म्हातारीने मला नेलं, आता मी तिला नेतो.” गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो.

टेबल मोकळं झालंय. माझ्याकडे किटं पुष्कळ आहेत, कपाटाच्या वर न उघडलेली. पण प्रत्येकात माणसं आहेत.

तुला आईचा ब्रश पाठवावा असं मनात होतं. खोकं शोधूनही ठेवलं. पण पाठवत नाही. पोस्टात टोक वाकतं, आणि आधीच थोडं वाकलेलं आहे. तो इथेच, टेबलाच्या डाव्या बाजूच्या कपात असतो. तुझी खुर्ची परत जागेवर ठेवली आहे. खिडकीला चिकटपट्टीची खूण राहिलीय, ती पुसायची आहे.

आज आजोबा येण्याआधी कॉलरवर एक शेवटचा हात दिला होता, आई जिथे थांबली होती तिथेच. ब्रश तेव्हापासून बरणीत आहे. पत्र लिहिता लिहिता आत्ता आठवलं. धुऊन येतो.

आलो. आधी थिनर, मग साबण, मग साधं पाणी. फडक्यावर टिपला. आई करायची तसं टोक ओठांत धरून गोल केलं. तोंडाला साबणाची चव आली. कपात उभा ठेवला, केस वरच्या बाजूला.

बाबा